यादीत नसलेले चार ताडगोळे

नित्या, तुझा लॅपटॉप मला अजून शिव्या घालतो. लाल अक्षरांत, इंग्रजीतून, कितव्या ओळीत कितवं अक्षर चुकलं ते सांगून. तू होतास तेव्हा त्यातल्या निम्म्या तरी तू हसत हसत मराठीत सांगायचास, म्हणजे कमी लागायच्या. आता सगळ्या थेट माझ्या अंगावर येतात.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. भेटायला येणारे थांबले, मागून आणलेल्या सतरंज्या परत गेल्या आणि परवा सकाळी तुझ्या ताईनं हा लॅपटॉप माझ्यापुढे आणून ठेवला. चहाच्याही आधी.

"त्यानं यात काय लिवलंय ते मला वाचून दाखवा."

मी म्हटलं, "अगं, ते वाचून दाखवण्यासारखं नसतं. तो प्रोग्रॅम आहे."

"मग चार महिने तुमी दोगं पालघरला जाऊन करत काय होतात?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी पडलो डायमेकर. तारापूर गावात घराच्या ओटीवर बसायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि पोलादाच्या तुकड्यात छिन्नीनं नक्षी कोरायची. सोनार त्या साच्यावर पत्रा दाबतो आणि पत्र्यावर फूल उठतं, पान उठतं, कुणाच्या बायकोचं नाव उठतं. बाप हेच करायचा, मीही तीस वर्षं हेच केलं. असा माणूस चौपन्नाव्या वर्षी हॅस्केल नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतोय, हे मी गावात फक्त एकाला सांगितलं. तो म्हणाला, "जर्मनीला चाल्लाय काय?" त्यानंतर कुणालाच सांगितलं नाही.

खरं तर तुला शिष्य नकोच होता, तुला हात हवा होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार तुझं डायलिसिस. बोईसरहून तुला स्कूटरवर मागे बसवायचं, पालघरच्या सेंटरवर सोडायचं आणि चार तास शेजारच्या स्टुलावर बसून राहायचं, हे माझं काम. तुझा डावा हात दोन जाड सुयांमध्ये अडकलेला. पहिले काही दिवस तू उजव्या हातानं कंपनीचं काम एकेक अक्षर टाइप केलंस, मग वैतागून म्हणालास, "भावोजी, तुम्ही नुसते बसून पंखा बघता. टाइप तरी करा."

मी टाइप करायला लागलो. आणि मला जी खोड आहे, ती नडली. दोन ओळी टाइप केल्या की मी विचारणार, हे असं का?

तुझं काय, तू वाटच बघत होतास. ताईच्या नि माझ्या लग्नात कान पिळायला बसलास तेव्हा नववीत होतास. बाकीचे मेहुणे कानाला नुसता हात लावतात आणि पाकीट घेऊन पळतात. तू असा पिळलास की सफाळ्याच्या त्या मांडवात मी मोठ्यानं "आई गं" म्हणालो आणि भटजी मंत्र विसरले. वर विचारलंस, "दुखलं का? म्हणजे लक्षात राहील." तुझी शिकवण्याची पद्धत तेव्हापासून तीच.

डॉक्टरांनी तुला दिवसाला एक लिटर पाणी ठरवून दिलं होतं. चहा, डाळीचं पाणी, गोळी गिळायचा घोट, सगळं धरून एक लिटर. तू म्हणालास, त्याचाच प्रोग्रॅम करू. तुम्हीच करा. मी म्हटलं, ठीक. बोईसरच्या एका क्लासात तरुणपणी तीन महिने कॉम्प्युटर शिकलो होतो, तेवढी घमेंड अजून शिल्लक होती. तिथे शिकलेली एकच गोष्ट मला पक्की येत होती: एक्स बरोबर एक्स अधिक एक. ती मी ऐटीत टाइप केली आणि म्हटलं, आता एक्स दाखव.

लॅपटॉपवर काहीच येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला वाटलं विचार करतोय.

"भावोजी, तो नाही सांगणार."

"का? साधी बेरीज आहे."

"तुम्ही त्याला सांगितलंत की एक्स हा एक्सपेक्षा एकनं मोठा आहे. आता तो बिचारा असा आकडा शोधतोय. मी या खुर्चीतून सुटेपर्यंत शोधेल, पुढच्या वेळी सुटेपर्यंतही शोधेल."

"अरे पण मी म्हणतोय, एक्स होता त्यात एक वाढव!"

"वाढवता येत नाही. एकदा एक्स पाच म्हटलंत, तर तो पाचच. या भाषेत शब्द दिला की दिला."

ही कसली भाषा? जिच्यात एक वाढवता येत नाही, त्या भाषेनं माणसानं करायचं काय? मी त्या दिवशी घरी येऊन ताईला सांगितलं, तुझ्या भावाला पैसे देऊन कुणीतरी फसवतंय. तुझी कंपनी असल्या भाषेत काम करते आणि तरी पगार देते, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. आजही पटत नाही.

पाण्याच्या प्रोग्रॅमवरनं तर आपली रीतसर जुंपली. माझं म्हणणं सोपं होतं. एक डबा, नाव 'उरलेलं'. सकाळी त्यात हजार. तू शंभर प्यायलास की डब्यात नऊशे. दीडशे प्यायलास की साडेसातशे. संपला विषय. तू म्हणालास, असा डबा नाही. घोटांची यादी ठेवायची. किती वाजता, किती मिली. प्रत्येक घोट यादीत जातो आणि तिथेच राहतो. उरलेलं किती, हे हवं तेव्हा यादीवरून काढायचं.

"दर वेळी सगळं पहिल्यापासून मोजायचं?"

"हो."

"मूर्खपणा आहे."

"भावोजी, डब्यात साडेसातशे दिसले तर तुम्हाला कळेल का, मी सकाळी काय प्यायलो?"

"मला काय करायचंय कळून?"

"मला करायचंय," म्हणालास. "प्यायलेला घोट पुसता येत नाही. मग प्रोग्रॅमनं तरी का पुसावा?"

तेव्हा मी माझं हुकमाचं पान काढलं. म्हटलं, मी कोरतो तेव्हा तुकडा एकच असतो. तोच बदलत जातो. तुझ्या भाषेसारखं दर टवक्याला नवीन तुकडा घेतला असता तर मला पोलादाचा कारखाना काढावा लागला असता. तू विचारलंस, "छिन्नी सटकली तर?" मी म्हटलं, सटकली तर सटकली, कोरलेलं भरून येत नाही, तुकडा फेकायचा आणि नवा घ्यायचा. "मग तुम्हाला सगळं कळलंय. उगाच नाटकं करताय." असं म्हणून तू डोळे मिटून घेतलेस. मला उत्तर सुचलं होतं, पण तू झोपलास. नंतर ते उत्तर मी विसरलो. किती वेळा आठवायचा प्रयत्न केला.

माझ्या एका फजितीवर मात्र तू महिनाभर जगलास, ती लिहितोच. घोट उचलून दुसऱ्या यादीत ठेवायचं फंक्शन मी घरी, कुणाच्या मदतीशिवाय, दोन दिवस डोकं फोडून लिहिलं. पहिला घोट उचलला, नव्या यादीच्या डोक्यावर ठेवला. दुसरा उचलला, त्याच्या डोक्यावर. मंगळवारी तुला चालवून दाखवलं. यादी आली ती उलटी. रात्रीची गोळी पहिली, सकाळचा चहा शेवटी.

"उलटं आलंय," तू म्हणालास.

"बरोबर आलंय," मी म्हणालो.

"भावोजी, उलटं आहे."

"अरे, उलटं आहे म्हणूनच बरोबर!"

मला खरंच तसं वाटत होतं. तीस वर्षं मी लोकांची नावं उलटी कोरतोय. साच्यात सरळ दिसलं की मी तुकडा बाजूला टाकतो, कारण मग पेंडंटवर ते उलटं उठणार. उलटं दिसलं की मी छिन्नी खाली ठेवतो आणि पाणी पितो. हे मी तुला समजावून सांगत होतो आणि तू एवढा हसायला लागलास की मशीन ओरडू लागलं. टेक्निशियन धावत आला. "अरे अंकल, पेशंट को हँसाओ मत, प्रेशर का अलार्म बज रहा है!" मग पुढच्या प्रत्येक वेळी तो मला बघून विचारायचा, "आज सीधा आया क्या?"

कुणी म्हणेल, मजेत शिकलास. मजा कसली? मला वैताग यायचा, नित्या. त्या लाल शिव्यांचा, तुझ्या शांतपणाचा आणि सगळ्यात जास्त माझ्या टाळक्याचा. किती वेळा मी 'कळलं' म्हटलं आणि मला काहीच कळलेलं नव्हतं. तू ओळखायचास. म्हणायचास, "बरं, मग मला समजावा." तेव्हा तुझा गळा दाबावासा वाटायचा. आणि एक सांगतो. तू कीबोर्ड माझ्या हातातून कधी ओढून घेतला नाहीस. मी मनात म्हणायचो, घेणार कसा, हातात सुया आहेत. उजवा हात मोकळा होता, हे मला आता सुचतंय.

तर प्रोग्रॅम झाला. रोज संध्याकाळी दिवसाचा आकडा तुझ्या ताईच्या फोनवर जायला लागला. साडेआठशे, नऊशे, एकदा हजार पन्नास. त्या पन्नाससाठी ताईनं तुला फोनवर जे ऐकवलं, ते शेजारच्या खोलीत मला ऐकू येत होतं.

आता तो शनिवार.

तू थकला होतास. मशीननं जरा जास्तच पिळून काढलं होतं. स्कूटरवर मागे बसून एरवी माझ्या कानात भाषण चालायचं, त्या दिवशी एक शब्द नाही. बेटेगावच्या अलीकडे एक बाई ताडगोळ्यांची पाटी घेऊन बसली होती. स्कूटर मी थांबवली. तू काही बोलला नव्हतास. तुझा चेहरा आरशात दिसला आणि मी थांबवली.

"घ्या भाव, आताच काडलंत. एकदम कवळं हाय."

मी म्हटलं, एक खा, तोंडाला चव येईल. तू साल काढून पहिला तोंडात टाकलास आणि आतलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ते तू जिभेनं पुसलंस, लहान पोरासारखं. मग दुसरा. मी म्हटलं, बस. "भावोजी, आत्ताच सगळं काढून टाकलंय. आत जागा आहे." तिसरा. चौथा. मी दोन खाल्ले. बाई म्हणाली, "तुमचा भाव उपाशी हाय का काय?" तू म्हणालास, "चार महिने, मावशी."

बोईसरला तुझ्या घरी पोचल्यावर मी लॅपटॉप उघडला. सवयीनं. वेळ टाकली आणि विचारलं, एका ताडगोळ्याचे किती मिली धरायचे?

"ते नका लिहू."

"का?"

"ताईला आकडा जाईल. उगाच रडेल."

"तूच म्हणतोस ना, प्यायलेला घोट पुसता येत नाही?"

"पुसता येत नाही. न लिहिणं वेगळं."

मी ऐकलं नाही. अंदाजानं आकडा टाकला. तू उजवा हात पुढे करून तो खोडलास. मी परत टाकला. तू परत खोडलास. चार महिने ज्यासाठी तू माझं डोकं खाल्लंस, ते मला नेमकं त्या क्षणी समजलं होतं, आणि तू स्वतःच ते मोडत होतास. मला राग आवरला नाही. म्हटलं, "तुझी भाषा तुलाच पाळायची नसेल तर मला कशाला छळलंस? मी माझे साचे कोरीन. ही थेरं मला परत सांगू नकोस." झाकण आपटलं आणि चहा न घेता निघालो.

रविवारी दोनदा फोन हातात घेतला. म्हटलं, करेल तोच. मोठा मी आहे.

सोमवारी सकाळी तुझ्या खालच्या मजल्यावरच्यांचा फोन आला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. दोन डायलिसिसच्या मधला शनिवार ते मंगळवारचा मोठा खाडा अशा पेशंटला जड जातो, म्हणाले. ताडगोळ्यांचं मी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं होतं, पण शेजारी ताई उभी होती. नंतर एकट्यानं जाऊन विचारता आलं असतं. अजून गेलेलो नाही. ते काय सांगतील याची भीती वाटते, आणि ते काहीही बोलले तरी स्कूटर मीच थांबवली होती.

आणि परवा तीच ताई मला म्हणते, वाचून दाखवा.

म्हणून वाचलं. पहिल्या दिवसापासून. आकडेच ते, पण ती ऐकत बसली. सात वाजता, शंभर मिली. "चहा," ती म्हणाली. साडेबारा, दीडशे. "डाळीचं पाणी. मी डबा दिलेला." मी पुढे वाचत राहिलो आणि माझा आवाज हळूहळू बारीक होत गेला, कारण पुढे तो शनिवार येणार, हे मला माहीत होतं. तो शनिवार आला. सातशे मिली.

"शनिवारी कमी प्यायला," ती म्हणाली. "शेवटपर्यंत शहाण्यासारखा वागला बघा."

नित्या, मी गप्प बसू शकलो असतो. तू तेच सांगितलं होतंस. तुझा शब्द पाळला असता आणि ती आयुष्यभर तेवढ्या सातशेवर समाधानी राहिली असती. मी पडद्यावर त्या शनिवारवर बोट ठेवलं. मग म्हटलं, "यात एक ओळ नाही."

सगळं सांगितलं. बाई, पाटी, आपलं भांडण.

"गाडी कुणी थांबवली?"

"मी."

ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. भांडी नव्हती खरकटी, मला माहीत होतं. मी ओटीवर तसाच बसून राहिलो. उठून आत जावं की नको, तेही कळेना. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, पण ताट पुढे सरकवलं ते बोटानं. रात्रीही नाही. काल सकाळी मी छिन्नी घेऊन बसलो होतो, कोरत काहीच नव्हतो, तर ती दारात येऊन उभी राहिली.

"किती खाल्ले त्यानं?"

"चार."

"गोड होते?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते. मग म्हटलं, "होते. फार गोड होते."

"मग तसं लिवा. नुसतं चार काय? गोड होते म्हणून लिवा."

मी म्हटलं, बरं. लॅपटॉप उघडला आणि मग लक्षात आलं की तुझ्या घोटाला दोनच खण आहेत. वेळ आणि मिली. गोड लिहायला जागाच नाही. मग मी तुझ्याशिवाय पहिल्यांदा तुझ्या प्रोग्रॅमला हात लावला. घोटाला तिसरा खण केला: गोड होता का, हो किंवा नाही. शनिवारी चार ताडगोळे टाकले, पुढे हो लिहिलं आणि प्रोग्रॅम चालवला.

नऊशे बावन्न शिव्या आल्या.

वाटलं, मोडला. तुझी शेवटची वस्तू मी मोडली. एकेक शिवी लावून वाचली तेव्हा उलगडलं की तो दर ओळीला एकच गोष्ट विचारतोय. मागच्या प्रत्येक घोटाला आता तिसरा खण आहे आणि तो रिकामा आहे. हा घोट गोड होता का? हा? आणि हा? सगळ्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय तो एक पाऊल पुढे जाणार नाही.

याच्यातून पळवाट आहे. 'माहीत नाही' असा तिसरा पर्याय ठेवता येतो, तूच एका गुरुवारी शिकवला होतास. मी ताईला सांगितलं, सगळ्यांपुढे ते टाकून मोकळा होतो. ती म्हणाली, "माहीत नाय कसं? मला माहीत हाय." आणि माझ्या शेजारी पाट घेऊन बसली.

कालपासून बसलोय आम्ही दोघं. साचे पडून आहेत. मी वेळ वाचतो, ती सांगते. "हा सकाळचा, मी थर्मासातून धाडलेला, बिनसाखरेचा. नाय लिवा." "हा गुरुवारचा, सेंटरच्या बाहेरचा ना? तो चहावाला साखर ओततो. हो लिवा." मधेच कशावरनं तरी भांडतो. एका चहावरनं ती मला म्हणाली, तुमाला काय आठवणार, तुमी पंखा बघत होतात. आज दुपारपर्यंत शिव्या आठशे एकवर आल्या.

मग एक ओळ आली. बुधवार, दुपारी अडीच, साठ मिली. बुधवारी मी पालघरला नव्हतो, ताईनं डबा पाठवला नव्हता. घरी तू एकटाच होतास. तूच प्यायलास, तूच उजव्या हातानं लिहिलंस.

"नुसतं पाणी असेल," मी म्हटलं. "नाही लिहितो."

ताईनं माझं मनगट धरलं.

"दिवसभर पाणी मोजून पिणाऱ्या माणसाला ते गोड लागत नसेल काय?"

मी हो लिहिलं आणि पुढची ओळ वाचली.